पाचवे अक्षर

घाटाचे अखेरचे वळण चढून जीप सपाटीला लागली आणि तेथेच तिने आचके द्यायला आरंभ केला. वैजयंतीने पाय दाबला, सोडला, पुन्हा दाबला. इंजिन एकदा घुसमटल्यासारखे घरघरले आणि मग सर्व निःशब्द झाले. होत्या त्या वेगाने गाडी थोडी पुढे सरकली आणि पानगळ झालेल्या एका सागाखाली उभी राहिली.

"काय झालं?" मी विचारले.

"कळत नाही, बाबा." तिने किल्ली फिरवून पाहिली. "डिझेलचा काटा तर अर्ध्यावर आहे."

तो काटा मीही सकाळपासून पाहत आलो होतो. मेहकरहून निघालो तेव्हा तो अर्ध्यावर होता, अकोल्यात अर्ध्यावर होता, अकोटला चहा घेतला तेव्हाही अर्ध्यावरच होता. कोणत्याही विभक्तीत अव्ययाचे रूप बदलत नाही, तसा तो स्थिर होता; आणि आयुष्यभर व्याकरण शिकवूनही ही गोष्ट मला विचित्र वाटली नव्हती.

वैजयंती खाली उतरली. रस्त्याच्या कडेची एक सरळ काडी तिने उचलली, टाकीचे झाकण काढून ती आत घातली आणि बाहेर काढून उन्हात धरली. काडी कोरडी होती.

"काटा अडकलाय," ती म्हणाली. "वर्षभर उभ्या गाडीत तो तसाच अडकून बसलाय. आणि मी अकोटला पंपासमोरून गाडी काढली."

मी ती काडी तिच्या हातून घेऊन उलटसुलट करून पाहिली.

वैजयंती माझी सून. माझा एकुलता एक मुलगा हेरंब हा गुरांचा डॉक्टर होता. आदल्या वर्षी काविळीने तो गेला. त्याच्या जागी अनुकंपेवर तिला धारणीच्या पंचायत समितीत लिपिकाची नेमणूक मिळाली होती. रुजू होण्याची मुदत माझ्या आजारपणामुळे तिने एकदा वाढवून घेतली होती; दुसऱ्यांदा वाढवून मिळणार नाही, असे आदेशातच लिहिलेले होते. त्याच दिवशी सायंकाळी कचेरी सुटण्यापूर्वी तिने तेथे सही केली नाही, तर ती नेमणूक संपत होती. धारणीला जाणारी एकमेव एस.टी. आदल्या दिवशी बंद पडली होती, आणि तिचा संसारही बरोबर न्यायचा होता. म्हणून हेरंबची जीप गोठ्यातून बाहेर काढली होती. मागे एक ट्रंक, एक वळकटी, रॉकेलचा स्टोव्ह आणि पाण्याचा पितळी हंडा एवढे सामान होते. मी तिला पोहोचवून दुसऱ्या दिवशी परतणार होतो. माझी पत्नी पूर्वीच निवर्तली होती. त्यामुळे परतल्यावर घराचे कुलूप मीच लावणार आणि मीच काढणार, हे ठरलेले होते.

याविषयी आम्ही दोघे कधी बोललो नव्हतो. हेरंबविषयीही नाही. त्याचे नाव घरात वर्षभर उच्चारले गेले नव्हते. ती माझ्यासाठी पथ्याचे वेगळे करून वाढी, मी जेवून उठे, आणि भांड्यांचा आवाज तेवढा मागे राही.

"कुणी येईल," मी म्हणालो.

"यायला हवं," ती म्हणाली.

फाल्गुन संपत आला होता. सातपुड्याच्या त्या जंगलात वारा सुटला की सागाची वाळलेली पाने रस्त्यावरून खरखरत जात, आणि प्रत्येक वेळी मला एखादे वाहन आल्याचा भास होई. वैजयंती बॉनेटला टेकून उभी होती. ती घड्याळाकडे पाहत नव्हती. सावल्यांकडे पाहत होती.

बऱ्याच वेळाने समोरून बांबूंनी लादलेला एक ट्रक आला. तिने रस्त्याच्या मध्यभागी जाऊन दोन्ही हात वर केले. ट्रक थांबला, पण त्याचे इंजिन बंद झाले नाही. चालकाने खिडकीतून डोके बाहेर काढले. दाढी वाढलेली, कपाळाला रुमाल बांधलेला.

"काय झालं, बाई? रस्त्यात हुब्या राह्यल्या, ब्रेक लागला नसता त?"

"डिझेल संपलं हो, दादा."

"संपलं? मंग अकोटले काय झोपले व्हते का?" मग त्याची दृष्टी माझ्या धोतराकडे आणि शेंडीकडे गेली, आणि स्वर खाली आला. "राम राम, महाराज. कुठं जाऊन राह्यले?"

"धारणीला. आज पोहोचायलाच हवं."

"डबा हाये का काई?"

मागे रिकामा कॅन होता. त्याने सीटमागून एक रबरी नळी ओढून काढली, ट्रकच्या टाकीत सोडली, तोंडाने ओढ घेतली आणि डिझेल कॅनमध्ये उतरू लागताच बाजूला थुंकला. तेवढ्यात केबिनमधून एका स्त्रीचे कण्हणे ऐकू आले.

"कोण आहे आत?" वैजयंतीने विचारले.

"मजुरीन हाये आमची. तापानं फणफणली. अकोटच्या दवाखान्यात नेतो तिले. म्हून गाडी बी बंद नाई केली." कॅन भरल्यावर त्याने तो तिच्या हाती दिला. ती पर्स उघडू लागली तेव्हा त्याने हात झटकला. "ठेवा, ठेवा. महाराजाच्या पुढं पैशे घेऊ का? अन् आयका, बाई. वतलं का लगेच स्टार्टर मारत बसू नका. पयले हवा काढा. नाई त बॅटरी बसते, अन् मंग बसा वाघाची वाट पाहत."

"हवा कशी काढतात?"

तो तोवर वर चढला होता. "सोपं हाये! फिल्टरच्या वरतं बोल्ट हाये ना..." पुढचे शब्द ट्रकच्या आवाजात बुडाले. आतल्या स्त्रीचे डोके खिडकीच्या काचेला टेकलेले मला ओझरते दिसले, आणि ट्रक घाटाकडे वळला.

वैजयंतीने डिझेल टाकीत ओतले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मला गाडी चालवता येते, बाबा. बॉनेटच्या आतलं काही येत नाही. हे म्हणायचे, पुढच्या रविवारी शिकवतो."

वर्षभरात प्रथमच तिने त्याचा उल्लेख केला होता. मी तिच्याकडे न पाहता म्हणालो, "मला येतं."

"तुम्हाला?"

"म्हणजे मला पाठ आहे."

हे सांगायला मला संकोच वाटला. पण सांगणे आवश्यक होते. हेरंबने ही जुनी जीप विकत घेऊन अंगणात आणली त्या दिवशी तो हात पुसत माझ्यासमोर येऊन बसला होता. संस्कृत त्याने शाळेपुरतेच केले होते. माझ्या घरात जन्मून त्याने गुरांची नाडी धरली, हे मी स्वीकारले होते; पण कौतुकाचा शब्द माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता. तो म्हणाला, "बाबा, डिझेलची गाडी एकदा तेलावाचून बंद पडली की नळ्यांत हवा शिरते. नुसतं तेल ओतून ती सुरू होत नाही. कधी आपण दोघं रस्त्यात अडकलो तर तुम्हाला ठाऊक असावं. तुम्हाला पाना आणि पक्कड यांतला फरक कळत नाही, पण एकदा ऐकलेला श्लोक तुम्ही विसरत नाही. म्हणून अनुष्टुभात बांधलंय."

आणि त्याने दीड श्लोक म्हणून दाखवला. मी ऐकला आणि एका चरणापाशी त्याला थांबवले. तो चरण छंदात बसत नव्हता. अनुष्टुभात प्रत्येक चरणाचे पाचवे अक्षर लघु असावे लागते. त्याचे गुरू होते. मी तेथल्या तेथे चरण दुरुस्त करून दिला. तो हसला. "बाबा, गाडीला छंद कळत नाही," म्हणाला. "मला कळतो," मी म्हणालो. त्याने मान डोलावली आणि तो पुन्हा जीपखाली शिरला.

हे सारे मी वैजयंतीला सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "हेरंबने या कामाचा श्लोक केला होता. मी म्हणतो, अर्थ सांगतो, तू तसं कर."

तिने बॉनेट उघडले. मी उजव्या बाजूला उभा राहिलो आणि आयुष्यात प्रथमच एका इंजिनासमोर पाठ म्हटला:

"शोधकाग्रस्थितं कीलं श्लथयेत् प्रथमं बुधः।
हस्तयन्त्रं मुहुश्चाल्यं यावद् वायुर्विनिर्गतः।।
स्रुते तैले पुनः कीलं दृढं कुर्यात् प्रयत्नतः।"

"शोधक म्हणजे?"

"शुद्ध करणारा. गाळणी."

"फिल्टर!" तिच्या चेहऱ्यावर हसू आले. "फिल्टरला शोधक. आणि बुधः म्हणजे बुधवारी करायचं का?"

"बुध म्हणजे शहाणा. फिल्टरच्या माथ्यावरची खीळ शहाण्याने प्रथम सैल करावी."

"शहाणे असतो तर अकोटलाच डिझेल भरलं असतं." तिने पाना शोधला, फिल्टर शोधला, त्याच्या माथ्यावरचा छोटा बोल्ट शोधला. तो सैल झाला. "पुढे?"

"हाताने चालवायचे यंत्र पुनःपुन्हा चालवावे, वायू निघून जाईपर्यंत."

ती वाकून इंजिनाच्या कुशीत चाचपत राहिली. अखेर एका पंपाला लागलेली लहानशी दांडी तिच्या बोटांना सापडली. ती खालीवर करताच बोल्टभोवती फसफस आवाज झाला आणि फेस आला. आम्ही दोघे लहान मुलांसारखे एकमेकांकडे पाहू लागलो.

"येतंय, बाबा! बुडबुडे येतायत!"

"चालव. यावद् वायुर्विनिर्गतः."

फेस विरळ झाला. मग बुडबुडे थांबले आणि निर्मळ डिझेल बोल्टच्या बाजूने ओघळू लागले.

"आता?"

"आता स्रुते तैले. तेल वाहून झाल्यावर खीळ पुन्हा घट्ट करावी, प्रयत्नपूर्वक."

तिने दांडी सोडली. ओघळ मंद झाला, थेंब झाला, थांबला. मग तिने पाना लावून बोल्ट आवळला, कपाळावरचे केस मनगटाने मागे सारले आणि आत जाऊन किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला. इंजिनाने दोन ठोके दिले, मागून पांढरट धूर आला, आणि पुन्हा सर्व निपचित पडले.

"आणखी एकदा करू," मी म्हणालो.

आम्ही आणखी एकदा केले. अक्षरशः तसेच, श्लोकाबरहुकूम. फेस निघाला, तेल वाहिले, वाहून थांबले, बोल्ट आवळला. या खेपेस ठोकेही पडले नाहीत. स्टार्टरचा स्वर मात्र उतरला होता. दमलेल्या माणसाने शब्द ओढत बोलावे तसा.

ती आतून उतरली आणि रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसली. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. सागांच्या सावल्या रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या होत्या.

"बॅटरीत एकदा फिरवण्यापुरतंच उरलं असेल," ती म्हणाली. "बाबा, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"तुम्हाला ते नीट आठवतंय ना? की..."

"की काय?"

"की आठवायचं नाहीये?"

सूनबाईने मला असे काही विचारावे, अशी आमच्या घराची रीत नव्हती. परंतु आम्ही घरी नव्हतो. मला खोटे बोलायचे नव्हते.

"तू जाऊ नयेस असं मला वाटत होतं," मी म्हणालो. "या क्षणीही वाटतं. हे इंजिन सुरू झालं नाही तर तू माझ्याबरोबर परत येशील, हे मला दिसत नाही असं नाही. पण पाठ मी खोटा सांगणार नाही. तेवढं माझ्याकडून होणार नाही."

ती दगडावरून माझ्याकडे वळली.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

"मी वाट पाहत होते, तुम्ही बोलाल म्हणून. मुदत वाढवून घेतली तेव्हा रोज वाटायचं, आज तरी म्हणतील, थांब म्हणून."

"म्हटलं असतं तर थांबली असतीस?"

"नाही." ती हसली आणि डोळ्यांना हात लावायला गेली, हात काळे आहेत हे ध्यानात येऊन थांबली. "थांबले नसतेच. पण निघताना बरं वाटलं असतं. आता वाटतंय, कुणी अडवलंच नाही."

मी तिला माझे उपरणे दिले. तिने आधी ते पांढरे आहे असे दाखवून नाकारले. मग घेतले, डोळे पुसले, आणि हातही पुसले.

"ते शेवटचं पुन्हा म्हणा," काही वेळाने ती म्हणाली.

"स्रुते तैले पुनः कीलं दृढं कुर्यात् प्रयत्नतः।"

"हे असं नाही म्हणायचे."

"कोण?" हा प्रश्न निरर्थक होता.

"हे. दौऱ्यावरून आल्यावर गाडी धुताना गुणगुणायचे. मला वाटायचं, एखादं स्तोत्र असेल. पण एका ठिकाणी चाल अडखळायची, पायरी चुकल्यासारखी. तिथे ते मुद्दाम जोर द्यायचे." तिने डोळे मिटले. "स्र... स्रवति. स्रवति तैले तु कीलं. हो. स्रवति तैले तु कीलं."

"पाचवं अक्षर गुरू आहे," माझ्या तोंडून आपोआप निघून गेले.

"काय?"

"छंद मोडतो. म्हणून मी तो चरण बदलून दिला होता."

विद्यार्थ्याचा अशुद्ध पाठ एकदा सुधारला की तो मी मनातूनही पुसून टाकत असे. न जाणो, पुढच्याला तोच शिकवला जायचा. त्यामुळे हे शब्द मला आठवत नव्हते. हेरंबने मात्र ते ठेवले होते. माझ्यासमोर मान डोलावून, मी नसलेल्या ठिकाणी तो आपलाच चरण म्हणत राहिला होता, मोडक्या जागी जोर देऊन.

"पण अर्थ तोच ना, बाबा?"

मी 'तोच' म्हणण्यासाठी तोंड उघडले, आणि तसाच थांबलो.

अर्थ तोच नव्हता. स्रुते हे भूतकाळाचे रूप. तेल वाहून झाल्यावर. स्रवति हे वर्तमानाचे. तेल वाहत असताना, वाहते आहे तोवर. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मी हा भेद फळ्यावर लिहून शिकवीत असे, आणि तो चुकला तर त्याला उभा करीत असे.

"वैजयंती," मी म्हणालो, "आपण दांडी चालवायची थांबवल्यावर बोल्ट आवळतो आहोत. तो म्हणत होता, वाहत असतानाच आवळायचा. प्रवाह थांबला की हवा पुन्हा आत जात असणार."

ती उठून उभी राहिली. "पण मग दांडी कोण चालवणार आणि बोल्ट कोण आवळणार? माझे हात दोन्हीकडे पुरत नाहीत."

मी धोतराचा सोगा खोचला आणि पाना हातात घेतला. तो अपेक्षेपेक्षा जड होता. तिने माझे मनगट धरून पाना बोल्टवर बसवून दिला. "या बाजूला फिरवला की घट्ट. आत्ता नाही. मी सांगते तेव्हा."

ती दांडी चालवू लागली. फेस आला. फसफस झाली. माझी बोटे डिझेलने भिजली. त्याचा वास उग्र होता. मला तो परका वाटला नाही. हेरंबच्या सदऱ्यांना तोच वास येत असे आणि मी ते वेगळे भिजवायला सांगत असे.

"बुडबुडे थांबले का, बाबा?"

"थोडे आहेत. चालव. अजून... आता नाहीत."

"नक्की?"

"निर्मळ वाहतंय."

"मग आवळा! मी थांबत नाही, तुम्ही आवळा! वाहतंय तोवर!"

मी आवळले. वृद्ध मनगटात होते नव्हते तेवढे बळ लावून आवळले. ओघळ माझ्या बोटांखाली बंद झाला, आणि तिची दांडी जड होऊन जागीच थबकली.

ती आत गेली. किल्ली फिरवण्यापूर्वी तिने हात जोडले की नुसते चोळले, हे मला काचेतून नीट दिसले नाही. स्टार्टर अगदी हळू फिरला, थांबतो की काय असे वाटले. एक ठोका पडला, दुसरा पडला, आणि मग सबंध गाडी थरथरून जागी झाली. सागावरचे पक्षी उडाले. वैजयंती आतून काहीतरी ओरडत होती. ते मला इंजिनाच्या आवाजात ऐकू आले नाही. मी बॉनेट बंद करायला विसरून तेथेच उभा राहिलो. ती उतरून आली, तिने बॉनेट आपटून लावले आणि मला दंडाला धरून गाडीत बसवले.

धारणीपर्यंत तिने गाडी कोठेही थांबवली नाही. वाटेत ती बोलत होती. हेरंब रात्री पाठ्यपुस्तक उघडून शब्दरूपे घोकत असे, 'बाबांना दाखवू नकोस' म्हणून तिला बजावत असे, एका गाभण म्हशीचा पत्ता त्याने चुकून संस्कृतात लिहून ठेवला होता. मी ऐकत होतो, मध्ये मध्ये विचारत होतो. त्याच्या लहानपणच्या काही गोष्टी मीही सांगितल्या. त्याचे नाव आम्ही दोघांनी किती वेळा घेतले, ते मोजले नाही.

कचेरीच्या आवारात शिरलो तेव्हा शिपाई व्हरांड्यातल्या खुर्च्या आत नेत होता. वैजयंती इंजिन तसेच चालू ठेवून उतरली.

"बाबा, तुम्ही इथेच बसा. पाय कशाला लावू नका. बंद पडली तर पडली, पण तुम्ही बंद करू नका."

हातात आदेशाचा कागद घेऊन ती पायऱ्या चढली. तिच्या साडीवर काळे डाग होते. मी थरथरत्या गाडीत एकटा बसून राहिलो. तिला सही करताना मला पाहायचे होते. पण कुणीतरी गाडीत बसणे भाग होते.

शिपाई जवळ आला. "बाबाजी, गाडी बंद करा ना. आत साहेब कावून राह्यले."

"बंद केली तर पुन्हा सुरू होईलच असं नाही, बाळ."

"मंग अशी गाडी आनताच कायले?"

"मुलाची आहे," मी म्हणालो.

त्याला काय वाटले कोण जाणे. तो परत गेला आणि आतला दरवाजा ओढून घेतला. थोड्या वेळाने वैजयंती बाहेर आली. पायरीवरूनच तिने दोन्ही हात हलवले. रजिस्टरवर तिच्या अंगठ्याचा डाग पडला म्हणून हेडक्लार्क बोलले, असे तिने मागाहून हसत हसत सांगितले. ती रुजू झाली होती.

त्या रात्री तिच्या नव्या खोलीत आम्ही स्टोव्हवर खिचडी केली. पहाटे तिने मला बसस्थानकावर सोडले. एस.टी. दुरुस्त होऊन उभी होती. बस सुटेपर्यंत ती खिडकीखाली उभी राहिली.

"दिवाळीला येते," ती म्हणाली.

"लवकर ये," मी म्हणालो. "तुझ्यावाचून मला करमणार नाही."

एवढे बोलायला मला पासष्ट वर्षे लागली होती. ती खिडकीच्या गजावरच्या माझ्या बोटांवर हात ठेवून उभी राहिली. मग बस हलली.

या गोष्टीला आता बरीच वर्षे लोटली. वैजयंती अद्याप तिकडेच आहे, वरच्या पदावर आहे. सणाला येते, पत्रे येतात. पण मला जे सांगायचे आहे ते त्या सकाळचे आहे.

बस घाटाकडे निघाली. शेजारची जागा रिकामी होती. बोटांना अजून डिझेलचा वास होता आणि डोक्यात तो चरण घोळत होता. जुन्या सवयीने मी त्याची अक्षरे फिरवून पाहिली. स्रवति तैले तु कीलं. शब्द मी बदलायला नको होते. फक्त पुढचा मागे आणि मागचा पुढे केला असता, तर सारे त्याचेच शब्द राहून छंद साधत होता. तैले स्रवति कीलं तु. पाचवे अक्षर लघु, सहावे गुरू. अर्थ अभंग. कोठेही अडखळत नव्हते.

मी हर्षभराने शेजारी वळलो आणि मोठ्याने म्हणालो, "तैले स्रवति कीलं तु! हे बघ, बसलं!"

तिकिटांची पेटी घेऊन वाहक माझ्यासमोर उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले, मग रिकाम्या जागेकडे पाहिले.

"कुठचं देऊ, बाबाजी?"

"अकोट."

"एक का दोन?"

"एक," मी म्हणालो.